हळदीच्या हॉपरखालचा वॉल

आमच्या घरात ठिबकचं काम माझ्याकडे आहे. नळी कुठे फाटली, फिल्टर कधी धुवायचा, कोणत्या तुकड्याला किती वेळ पाणी द्यायचं हे मी पाहतो आणि जेवताना त्याबद्दल बोलतो. कामापेक्षा बोलणं जास्त, असं घरच्यांचं मत आहे. पण त्या बोलण्यामुळेच वहिनीच्या हळदीच्या कारखान्यासाठी वॉल निवडायचं काम माझ्याकडे आलं. व्हॉल्व्हला आमच्याकडे सगळे वॉलच म्हणतात, आणि घरात त्यातलं कळणारा मी एकटाच, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

कारखाना म्हणजे आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधालगत, टिनाचं एक लांब शेड. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. फुलसावंगीच्या आसपासच्या नऊ घरांतल्या बायका तिने गोळा केल्या होत्या. हळद आजवर आम्ही शिजवायचो, वाळवायचो आणि तशीच बाजारात नेऊन टाकायचो. वहिनीचं म्हणणं, ओली हळद आधी स्वच्छ धुवायची, मग शिजवून वाळवून आपणच दळायची आणि पावडर विकायची. पाच वर्षं ती हे बोलत होती. शेवटी शेड उभं राहिलं, चक्की आली आणि नागपूरच्या एका मसालेवाल्याने पावडर घ्यायची तयारीही दाखवली. त्याची अट एकच होती. अक्षय तृतीयेनंतर तो येणार, समोर बसून तासभर मशीन चालताना पाहणार. त्या तासात पावडरीत कोणाचा हात किंवा काडी गेली, तर तो तसाच परत जाणार. आणि तो परत गेला की शेड मोडायचं, हे गटातल्या बायकांनी आधीच ठरवलं होतं. दोन घरं तर तेव्हाच अर्ध्या मनाने होती.

असं सगळं ज्यावर टांगलेलं होतं, ते वॉल मी पाऊण तासात निवडले.

लागणार होते दोन. एक हळद धुण्याच्या टाक्याला, खाली बसलेला चिखल बाहेर सोडायला. दुसरा हॉपरखाली. हॉपर म्हणजे पत्र्याची मोठी कोठी, वर रुंद, खाली निमुळती. चक्कीतून पावडर त्यात पडते आणि खालच्या तोंडातून पोत्यात येते. मी ठिबकच्या दुकानात गेलो. आमच्याकडे वस्तू घेताना आधी उचलून पाहतात, मग ती कुकर असो की नांगराचा फाळ. टाक्यासाठी सगळ्यात जड बॉल वॉल घेतला. त्याच्या पोटात भोक पाडलेला स्टीलचा गोळा असतो, दांडा फिरवला की गोळा फिरतो आणि वाट उघडते. हॉपरसाठी बटरफ्लाय वॉल घेतला. त्यात नळीच्या मधोमध गोल पाटी असते, आडवी केली की बंद, उभी केली की मोकळं. दुकानदाराने विचारलंही, "चिखलाले हे चालते का पण?" मी त्याला ठिबकबद्दल दोन गोष्टी सांगितल्या आणि त्याने दोन्ही वॉल बांधून दिले.

हळद धुणं सुरू झालं तेव्हा टाक्याचा वॉल मी स्वतः लावला आणि बायकांना समजावून दिलं.

"पूर्ण नका उघडू. अर्धा ठेवा. प्रेशर टिकते."

ठिबकमध्ये आम्ही हेच करतो. एकाच वॉलवर दोन तुकडे चालवायचे असले की तो अर्धा ठेवायचा, म्हणजे वरच्या तुकड्यातही पाणी चढतं. वीस वर्षांत हाताला ती सवय लागलेली. संध्याकाळी वॉल घट्ट बंद केला. सकाळी तो हलेना. मी दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, भिंतीला पाय लावला आणि जोर केला. पाइप, दांडा आणि मी, तिघेही एकदम मागे चिखलात बसलो. वॉल जागचा हलला नव्हता.

वहिनी काठावर उभी होती. "उघडला का, भाऊजी?"

"दांडा निघाला."

"मंग पाहा बरं, दांड्यातून पाणी जाते का."

त्या दिवशी टाकं घमेल्यांनी उपसलं. नऊ बायका आणि मी. हसून हसून त्यांच्या हातून अर्धी घमेली सांडत होती, म्हणून काम लांबलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हॉपरच्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. घरातली मागच्या वर्षीची हळद आम्ही चाचणीला दळली. दोन पोती भरली आणि धार बारीक झाली. मग थांबली. पावडर त्या पाटीला चिकटून बसली होती आणि तिच्यावर कोठीत कमान धरली होती. खाली पोकळ, वर दोन क्विंटल हळद. मी लाकडी मोगरीने पत्रा बडवला. भस्सकन लोंढा आला, शेड पिवळं झालं आणि धार पुन्हा बंद. शेवटी वरून बांबू घालून ढोसलं. वहिनी पदराने नाक धरून उभी होती.

"हे त्या माणसापुढं झालं तर?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अडकलेला बॉल वॉल पोत्यात घालून मी ढाणकीला गेलो. तिथे एक मिस्त्री चाचा आहेत. सत्तरीचे असतील. पंप, इंजिन, काय ते दुरुस्त करतात. त्याआधी बरीच वर्षं ते मुकुटबनकडे एका चुन्याच्या कारखान्यात फिटर होते. चुन्याची भुकटी आणि चुन्याचं दाट पाणी दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेलं, असं दादा म्हणाला होता. दादा वर्षातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक असल्यामुळे मी ते मनावर घेतलं.

चाचांनी वॉल कटरने मधोमध कापला. दोन्ही फाका ओट्यावर ठेवल्या. गोळ्याच्या आत आणि भोवती आमची काळी माती ठासून भरलेली होती.

"हे कोणं लावलं?"

"मीच."

"शिकून लावलं का अंदाजानं?"

"ठिबकचा अनुभव आहे, चाचा. वीस वर्षांचा."

"मंग ठिबकच कर ना बाप्पा. या गोळ्याले कायले तरास देऊन राह्यला?" त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने मातीवर ठोकलं. टणटण आवाज आला. "हे पाय. वॉल बंद केला की गोळ्याच्या पोटात जे हाय ते पोटातच राह्यते. पाणी राह्यलं तर काही हरकत नाही. माती राह्यली की तिची ईट होते. आन तू याले अर्धा उघडा ठेवत होता."

"तुम्हाले कसं समजलं?"

"गोळ्याच्या एकाच गालावर ओरखडे हायेत. बारीक गोटे तिथूनच घासून गेले."

मग त्यांनी मला पाटावर बसवलं आणि विचारलं, "आता सांग. तुले माल थांबवायचा हाय का मोजून सोडायचा हाय?"

"दोन्ही."

"एकाच वॉलनं?"

"म्हणजे ठिबकमध्ये..."

"ठिबकचं नाव नको घेऊ आता, मेहेरबानी कर."

मला वाटलं, आता ते कोणत्या तरी वॉलचं नाव सांगतील आणि मी ते कागदावर लिहून घेईन. कागद काढलाही होता. पण चाचा म्हणाले, "वॉल मी सांगीन. पहिले माल तू सांग. टाक्यातला चिखल एका बाटलीत भर, रातभर हलवू नको. सकाळी उलटी कर. आन हळदीची मूठ दाब, उघड, काय होते ते पाय. मंग ये."

पन्नाशीच्या माणसाला गृहपाठ मिळाला, आणि तोही चिखलाचा. बाटली मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. सकाळी वडील चहाला आले आणि ती हातात घेऊन माझ्या बायकोला विचारू लागले, "हा काढा कोणाचा व?"

"तुमच्या लेकाचा," ती म्हणाली. "वॉलसाठी आणला."

"पेयाचा किती?"

मी बाटली त्यांच्या हातातून घेईपर्यंत त्यांनी झाकण उघडून वास घेतला होता. मग मी परातीत हळद घेऊन मुठी दाबत बसलो. मूठ उघडली तरी हळदीचा लाडू तसाच राहायचा, बोटांच्या रेघांसकट. एकदा, दोनदा, दहादा. मनगटापर्यंत पिवळा झालो. बायको दारातून पाहत होती. "पुन्हा बोहल्यावर चढून राह्यले का? नवरी सांगून ठेवा, मले दोन दिवस माहेरी जाता येईन."

बाटली उलटी केली तरी आतली माती पडली नाही. मी ती तशीच उलटी धरून मोटरसायकलवर मागे बसलो आणि दादाने गाडी चालवली. रस्त्यात ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. चाचांनी बाटली घेतली, उन्हात धरली, हलवली. माझ्या हातांकडे पाहिलं. लाडूबद्दल मी सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला.

"आता बोलला तुहा माल," ते म्हणाले. "आता वॉल निवडणं सोपं हाय."

टाक्यासाठी त्यांनी पिंच वॉल सांगितला. आत जाड रबराची नळी असते. चाक फिरवलं की दोन पट्ट्या ती नळी बाहेरून चिमटतात. चिखलाला रबराशिवाय काहीच लागत नाही, त्यामुळे अडकायला कोपरा नाही. पण तो टाक्याला अगदी चिकटून लावायचा, मध्ये पाइपाचा तुकडा ठेवायचा नाही, नाहीतर माती त्या तुकड्यात बसते. उघडायचा तर पूर्ण. आणि बंद करायच्या आधी घागरभर साधं पाणी सोडून नळी धुवायची.

हॉपरबद्दल बोलताना ते आधी वॉलकडे आलेच नाहीत. "तुह्या कोठीचं पोट केवढं आन तोंड केवढं? असं चिकट पीठ त्यातून कसं उतरीन? पहिले तोंड मोठं कर, उतार उभा कर. मंग खाली दोन गोष्टी लाव. वर एक सरकती पाटी, फक्त बंद करायले. तिच्याखाली रोटरी वॉल, मोजायले." रोटरी वॉल त्यांनी जमिनीवर खडूने काढून दाखवला. आत पाकळ्यांचं चाक मोटरवर हळूहळू फिरतं, दर दोन पाकळ्यांमधला खण वरून भरतो आणि खाली रिकामा होतो. चाक जेवढं सावकाश तेवढी धार बारीक. "आन एक ध्यानात ठेव. भरल्या पोटी मशीन उभी नको ठेवू. हळद बसली की दबते, मंग नवा वॉल बी काही करू शकत नाही."

सगळं ठरल्यावर, चहा पिता पिता, चाचा सहज म्हणाले, "मी बी चुन्याखाली बटरफ्लाय लावलता. नवा होतो तेव्हा. तीन दिवस हातोडा मारून राह्यलो." हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर माझी अर्धी लाज वाचली असती. पण आधी सांगितलं असतं तर मी बाटली भरलीच नसती, हेही खरं.

पुढचे आठ दिवस चाचा रोज आमच्या शेडमध्ये येत होते. हॉपरचं तोंड कापून मोठं केलं, नवे वॉल बसवले. मी पाने-पक्कड देत होतो आणि विचारल्याशिवाय बोलत नव्हतो. घरच्यांना हा बदल फार आवडला.

मसालेवाला आला तो सकाळी अकराच्या सुमारास. सडपातळ माणूस, चष्मा, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्याने हॉपरच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली, खुर्ची ओढली आणि घड्याळ मांडीवर ठेवलं. वहिनीने बटण दाबलं. चक्की घरघरली, रोटरीचं चाक फिरू लागलं आणि पोत्यात हळद पडू लागली. एकसारखी. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो, कारण ते मोकळे ठेवले तर काय करतील याची मलाच खात्री नव्हती. दहा मिनिटं. वीस. गटातल्या दोघी पोती बदलत होत्या, बाकीच्या भिंतीला टेकून एकमेकींच्या अंगावर रेलून पाहत होत्या. चाळीस मिनिटं झाली आणि लाइट गेली.

चक्की घरघरत थांबली, रोटरीचं चाकही. मसालेवाल्याने घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं बाकी आहेत. लाइट आल्यावर बघू."

वहिनीने एक क्षणही जाऊ दिला नाही. "तवपर्यंत जेवून घ्या जी. सैपाक तयार हाय." आमच्याकडे जेवणाच्या वेळी आलेला पाहुणा न जेवता बसून राहतो हे कोणाला पटत नाही, आणि वहिनीला तर मुळीच नाही. तिने पहाटे उठून कणकेचे जाड रोडगे भाजले होते, वांग्याची भाजी, वरण. तो नको नको म्हणत उठला, दादा आणि मी त्याच्यासोबत. चाचांनाही बोलावलं. "तुम्ही चला, येतोच," ते म्हणाले.

दुसरा रोडगा वरणात कुस्करत असताना मला आठवलं. कोठी भरलेली होती. दोन क्विंटल हळद, उभ्या मशीनमध्ये, वैशाखाच्या उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली. घास तोंडातच राहिला. मी वहिनीकडे पाहिलं. ती तूप वाढत होती आणि तिचा हात थांबला, म्हणजे तिलाही आठवलं होतं. पण पंगतीतून पाहुण्याच्या आधी उठायचं कसं? पाहुणा तर सावकाश जेवणारा निघाला. वांग्याच्या भाजीत ओली हळद घातली का, असं त्याने विचारलं. रोडगे कशावर भाजता, हेही विचारलं. दादाने त्या दिवशी वर्षभराची वाक्यं संपवली. मी मात्र मान खाली घालून जेवत राहिलो. इतकं चांगलं जेवण इतकं बेचव कधी लागलं नव्हतं. जवळजवळ तास गेला. ताक आलं, आणि त्याच वेळी पंखाही फिरू लागला.

शेडकडे जाताना वहिनी माझ्या बाजूने चालत होती. "भाऊजी, बांबू कुठं ठेवला?" तिने हळूच विचारलं.

"जाळला," मी म्हणालो. खरंच जाळला होता, तोंड नवं केलं त्या दिवशी.

आत गेलो तर चाचा रोटरी वॉलसमोर पाटावर बसले होते. चाकाच्या दांड्याला त्यांनी मोठा पाना लावला होता आणि तो दोन्ही हातांनी फिरवत होते. अगदी हळू. एक खण, थांबा, एक खण. खाली हळद पडत होती. पोतं बदलणाऱ्या दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, त्याही जेवल्या नव्हत्या. चाचांचा सदरा पाठीला चिकटला होता. कोठी जवळजवळ रिकामी झाली होती.

मसालेवाला थबकला. "हे काय चाललंय?"

चाचा उठले नाहीत. "माल निजू नये म्हून, साहेब. हात लोखंडाले लागला. हळदीले नाही."

तो वाकला. झाकणावरची कागदाची पट्टी पाहिली, सही पाहिली. बोट फिरवून पाहिलं. मग वहिनीकडे वळला आणि म्हणाला, "वीस मिनिटं राहिली आहेत. चालू करा."

चाचांनी पाना काढला. वहिनीने बटण दाबलं. चक्की फिरली, कोठी पुन्हा भरू लागली आणि हळद पहिल्यासारखीच पडत राहिली. वीस मिनिटं झाल्यावरही तो उठला नाही. आणखी पाचेक मिनिटं बसला, मग घड्याळ खिशात टाकलं.

"पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो," तो म्हणाला.

बायका ओरडल्या नाहीत की टाळ्या वाजवल्या नाहीत. एकीने डोळे पुसले आणि चेहरा पिवळा करून घेतला. त्यावरून बाकीच्या हसायला लागल्या, आणि हसू काही थांबेना.

या गोष्टीला आता तिसरं वर्ष आहे. शेड उभं आहे, घरं नवाची तेरा झाली आहेत. टाक्याचं रबर एकदा बदललं. माझ्या हातून काही बरं झालं असेल, तर ते इतकंच की कापलेला वॉल पाहून मी रागाने घरी परतलो नाही. बाकी सगळं चाचांनी केलं, आणि करताना मला एकदाही हलकं केलं नाही. टोमणे मारले, ते वेगळं. ते मी कमावलेले होते.

त्या दिवशी मसालेवाला गेल्यावर वहिनीने चाचांचं ताट शेडमध्येच आणलं. चाचा हात धुऊन बसले, पण रोडगा मोडेना. तासभर पाना फिरवून उजवा दंड थरथरत होता. वहिनीने रोडगा कुस्करला, वर वरण आणि तूप घातलं आणि ताट पुढे सरकवलं. मी म्हणालो, "चाचा, तुमचे उपकार कसे..."

"पाणी आन पहिले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा दंड सुजला. त्यांच्या घरून निरोप आला की दोन पंप खोलून पडले आहेत आणि गिऱ्हाईक खोळंबलंय. मी मोटरसायकल काढली आणि ढाणकीला गेलो. ते खाटेवर बसून सांगायचे, मी नट सोडायचो, धुवायचो, पुन्हा बसवायचो. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दंड वर करून दाखवला आणि म्हणाले, "जा आता घरी. झालं बरं."

"उद्या येऊ का अजून?" मी विचारलं.

"कायले? घरी काम नाही का तुले?"

काम होतं. तरी सकाळी मी गेलोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बसायला पाट सरकवला.